केवळरामच्या छातीतली फडफड

दादाजीने चहाचा कप सुपात ठेवला, सूप दोन्ही हातांनी धरलं आणि हात लांब करून केवळरामसमोर केलं. सूप म्हणजे घरोघरी धान पाखडायचं असतं तेच, वाळल्या बांबूचं. कप मधोमध हिंदकळत होता.

केवळरामने कपाकडे पाहिलं, मग दादाजीकडे. पस्तीस वर्षं दोघांनी एकाच तलावात एकाच जाळ्याची दोन टोकं ओढली होती. एकाच्या खिशातला तंबाखू-सुपारीचा खर्रा दुसऱ्याने न विचारता काढून घ्यायचा, अशी दोस्ती.

"राग नको मानू गा," दादाजी म्हणाला. "वाळला बांबू करंट घेत नाई. मले भेव लागते, दुसरं काई नाई."

केवळरामने उजवा हात पुढे केला. त्याने कप उचलला आणि गार होईपर्यंत नुसता धरून बसला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. पण दादाजीचं खरं असेल, असं त्यालाही वाटत होतं.

वाचकहो, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माणूस दवाखान्यातून परत येतो, आजार आटोक्यात आलेला असतो, आणि तिथून आपली वागणूक सुरू होते. ही गोष्ट दोन हजार तीन सालची, धानोरा तालुक्यात तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या एका टोल्यातली, छोट्या वस्तीतली. चाळीस घरं, पावसाळ्यात धानाची शेती, बाकी वर्षभर मासेमारी आणि मिळेल ती मजुरी.

त्या माघात केवळरामला डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, दोनदा घेरी आली. तिसऱ्यांदा तो पाण्यातच पडला आणि दादाजीने त्याला केसांना धरून वर काढलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात नाडी पाहिली तर मिनिटाला जेमतेम तीस ठोके. तिथून नागपूर. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याच्या डाव्या छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदयाचा ठोका चुकला की ते यंत्र त्याला आठवण करून देतं. पेसमेकर म्हणतात त्याला.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या मुलाला, भूपेशला, सगळं सांगितलं होतं. मागे रांग होती, म्हणून भराभर सांगितलं. दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. जखम ओली होऊ द्यायची नाही. विजेच्या मोठ्या यंत्रांजवळ जायचं नाही. अकरा एप्रिलला तपासणीला यायचं. भूपेशने मान हलवली. केवळरामने त्यातलं एकच लक्षात ठेवलं, की आपल्या छातीत बॅटरी आहे.

घरी आल्यावर आठवडाभर सारं ठीक होतं. नंतर कधीकधी, विशेषतः डाव्या कुशीवर झालं की, यंत्राजवळचं मांस आपोआप उडायला लागलं. फड, फड, फड. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. केवळरामने हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा नागपूर, पुन्हा चिरफाड. एका दुपारी पाच वर्षांची नात आचल त्याच्या छातीवर हात टाकून झोपली होती. ती एकदम उठून बसली.

"आबा, तुमच्या अंदर मासोळी फडफडून राह्यली."

केवळरामने तिचा हात झटकून बाजूला केला. पोर रडली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तिने सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं की आमच्या आबाच्या छातीत मासोळी आहे. संध्याकाळपर्यंत टोल्यातल्या प्रत्येक घराला कळलं की केवळरामच्या छातीतला करंट बाहेर येतो आणि तो हाताला लागतो.

करंट हा शब्द त्या टोल्यात कोणी सहज उच्चारत नसे. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात दादाजीचा धाकटा भाऊ बापूराव दादाजीच्याच वावरात विजेच्या तारेला लागून मेला होता. खांबावरची तार तुटून बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यात पडली, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. त्याला ओढायला गेलेला दुसरा माणूस चार हात लांब फेकला गेला आणि त्याचा पंजा भाजला. पाणी आणि करंट एकत्र आले की काय होतं, हे त्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

म्हणून त्यांनी आपल्या परीने हिशेब मांडला. माणसात बॅटरी आहे, बॅटरीतला करंट हाताला लागतो, आणि हा माणूस तलावात उतरणार. वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की सारा टोला एकदम पाण्यात उतरायचा, बाया, म्हातारे, पोरं सगळे. मधलं मोठं जाळं कधी आवळायचं, हे केवळरामच्या हाकेवर ठरायचं. यंदा मच्छीमार सोसायटीची बैठक झाली आणि अध्यक्ष म्हणून दादाजीनेच निरोप आणला.

"तू पाळीवर बी नको येऊ. तुझा वाटा घरी पोचवून देऊ."

"हाक कोण देईन?" केवळरामने विचारलं.

"पाहू."

कुंता, केवळरामची बायको, दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही केसाले धरून काढलं यांले पाण्यातून. तवा बरा हात लावला."

"तवा बॅटरी नव्हती, बाई," दादाजी म्हणाला आणि खाली मान घालून गेला.

त्या दिवसापासून केवळरामने स्वतःलाच वेगळं काढलं. घरातसुद्धा तो रबरी चप्पल घालून वावरू लागला. लाकडी बाजेवरून खाली उतरेना. आतली वायर हलून करंट जास्त सांडेल म्हणून त्याने डावा हात दुपट्ट्याने छातीशी घट्ट बांधून टाकला. आचलला त्याने दुसऱ्या खोलीत निजायला लावलं. ती दारात येऊन उभी राही, आणि तो तिला लांबूनच जाळ्याची गाठ कशी मारायची ते एका हाताने दाखवत बसे. एका हाताने गाठ बसत नाही. पोर हसायची आणि तो हसायचा नाही.

कुंता पायाला तेल लावायला आली की तो पाय ओढून घेई.

"तुले काई झालं तं?"

"एकेचाळीस वर्षं झाली लग्नाले," कुंता म्हणायची. "काई व्हायचं ते कवाच होऊन गेलं. आणा इकडं पाय."

तरी तो पाय देत नसे.

आणि अकरा एप्रिल जवळ येत होती. तपासणीला जायचं नाही, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्याला सांगितलं होतं, की पहिल्या तपासणीला ते मशीन बंद करून पाहतात, आपलं हृदय चालते का नाई. ज्याचं चालत नाही, त्याचं काय, हे त्या माणसाने सांगितलं नव्हतं. घरात विषय निघाला की केवळराम म्हणे, "मी बरा आहे. बऱ्या माणसाचं दवाखान्यात काय काम?"

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लसीचा डबा खांद्याला लावून आबिदाबाई आल्या. धानोऱ्याच्या नूर मोहम्मदची बायको. नवरा रेडिओ-घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्या चौदा वर्षांपासून या भागातल्या टोल्याटोल्यांत फिरणाऱ्या सरकारी नर्सबाई. टोल्यातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली होती. त्या दिवशी दादाजीच्या अंगणात पोरांना सुया टोचता टोचता त्यांनी पाहिलं, की दादाजीने तंबाखूची पुडी सुपात ठेवली आणि कुडाच्या कुंपणावरून पलीकडच्या अंगणात केवळरामकडे सरकवली.

"हे काय नवीन?" आबिदाबाईंनी विचारलं. "केवळरामभाऊ काय देव झाले का, सुपात नैवेद्य दाखवता?"

बाया हसल्या, पण लगेच गप्प झाल्या. मग एकीने सांगितलं, दुसरीने भर घातली. आबिदाबाईंनी सुई बाजूला ठेवली.

"बरं. आता मले सांगा. रेडिओचा सेल संपला का नाई, हे तुमचे पोट्टे कसं पाहतात?"

"जिभेले लावून," कोणीतरी म्हणालं.

"मेलं का कोणी?"

"सेल वेगळा, बाई," दादाजी म्हणाला. "सेल फडफडत नाई. याच्या छातीत फडफडते. पोरीच्या हाताले लागलं."

आबिदाबाई उठल्या. कुडातल्या मोकळ्या वाटेने पलीकडे गेल्या. रांजणाखालच्या ओल्या जागेत उभ्या राहिल्या, तिथे चपला काढल्या आणि म्हणाल्या, "दादाजीभाऊ, पाहून घ्या. नंतर म्हणसाल, चप्पल होती म्हणून वाचली." मग त्यांनी आपला तळवा केवळरामच्या छातीवर ठेवला.

केवळराम मागे सरकायला पाहत होता, पण मागे भिंत होती. एक एक क्षण जात होता. आणि तेवढ्यात ते सुरू झालं. फड, फड.

आबिदाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "फडफडते," त्या म्हणाल्या.

कुडाजवळची माणसं दोन पावलं मागे सरली.

"पण मले काई झालं नाई. उभी आहे तुमच्यासमोर, ओल्यात." त्यांनी हात काढला नाही. "काऊन फडफडते, ते मले माहीत नाई. मी सुया टोचणारी बाई आहे, हृदयाची डॉक्टर नाई. खोटं काऊन सांगू? ज्यानं बसवलं त्याले माहीत असन. त्याले विचारायचं. तारीख कधीची आहे?"

कुंताने घरातून कागद आणून दिला.

"अकरा. म्हणजे पुढच्या शुक्रवारी."

"मी नाई जात," केवळराम म्हणाला.

"काऊन?"

"ते बंद करून पाहतात, बाई."

हे त्याने कुंतालाही सांगितलं नव्हतं.

आबिदाबाई बाजेच्या कडेला बसल्या. "पाहत असतील. नसतील बी. हेही मले माहीत नाई. पण भाऊ, पावसाळ्याच्या आधी डोंगा पाण्यात लोटता, तवा आधी काय करता?"

"काठाशी उथळ्यात लोटतो. कुठून पाणी घेते ते पाहतो."

"मोठ्या पाण्यात नेऊन नाई पाहत?"

"येडे आहो का आम्ही?"

"मंग दवाखाना म्हणजे उथळं पाणीच आहे. तिथं काई झालं तं धरायले चार माणसं आहेत. इथं बाजेवर झालं तं कोण आहे? दादाजी येतीन सूप घेऊन."

या वेळी दादाजीच्याही तोंडावर हसू आलं. आबिदाबाईंनी ते पाहिलं आणि सोडलं नाही.

"अन् अध्यक्षसाहेब, तुम्ही जा यांच्यासंगं. पाण्यात उतरू नका हा हुकूम तुमचा आहे ना? मंग उत्तर बी तुमच्या कानानं ऐका. मी सांगितलं तं म्हणसाल, आबिदाबाई झाकून राह्यली."

सगळ्यांसमोर दादाजीला नाही म्हणता येईना.

तपासणी सकाळची, म्हणून तिघे आदल्या दिवशीच निघाले. एस.टी.त कुंता केवळरामच्या शेजारी बसली, दादाजी पुढच्या बाकावर. केवळराम खिडकीची लोखंडी दांडी न धरता, प्रत्येक वळणावर हेलकावे खात, नागपूरपर्यंत गेला.

तपासणीच्या खोलीत पायल नावाची तरुण तंत्रज्ञ होती. तिने त्याला निजवलं आणि साबणाच्या वडीएवढा, वायर लावलेला एक गोल तुकडा सदऱ्यावरूनच छातीवर ठेवला. शेजारच्या लहान पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. केवळराम डोळे मिटून घेत होता आणि पुन्हा उघडत होता.

"काका, छातीत कधी फडफडल्यासारखं होतं का? मांस उडल्यासारखं?"

होय म्हटलं तर चिरफाड. सगळ्या महिन्याची भीती त्या एका प्रश्नात गोळा झाली होती.

"नाई जी," तो म्हणाला.

पायलने मान हलवली आणि लिहायला लागली. दाराशी दादाजी उभा होता. त्याने एकदा केवळरामकडे पाहिलं, एकदा त्या लिहिणाऱ्या हाताकडे.

"बाई, लिहू नका," दादाजी म्हणाला. "खोटं सांगून राह्यला तो. फडफडते. साऱ्या टोल्याले माहीत आहे."

पायलची लेखणी थांबली. तिने केवळरामकडे पाहिलं. केवळरामच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"काका, बरं झालं कळलं. घाबरू नका. यंत्र नवीन बसवतो तेव्हा त्याचा जोर मुद्दाम जास्त ठेवतो. वायर आत नीट रुजेपर्यंत ठोका चुकायला नको म्हणून. काही जणांना त्या जोराने जवळचं मांस उडतं. आता दीड महिना झाला, तो जोर कमी करायचाच आहे. त्यासाठीच बोलावतो. नाही आलात तर फडफड तशीच राहते आणि बॅटरीही लवकर संपते."

"चिरावं लागन?"

"कशाला? इथूनच होतं, बटणावर."

"अन् बंद करून पाहता ते?"

तिने हातातलं काम थांबवलं. "बंद नाही करत. वेग थोडा कमी करते, तुमचं स्वतःचं हृदय किती चालतं ते बघायला. पडद्यावर माझी नजर असते. घेरी आल्यासारखं वाटलं तर नुसतं 'हं' म्हणा, मी लगेच पूर्वीसारखं करते. आता करू?"

केवळरामने उजवा हात पुढे केला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याने आपणहून कुंताचा हात धरला, आणि इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. पडद्यावरच्या रेघा लांब लांब होत गेल्या. त्याला वाटलं, आपल्याखालचा डोंगा हळूहळू पाण्यात बसतोय. कानांत पाणी भरल्यासारखा आवाज आला.

"हं," तो म्हणाला.

"झालं," पायल म्हणाली. रेघा पुन्हा जवळ आल्या. डोंगा वर आला.

मग तिने काही बटणं दाबली आणि त्याला डाव्या कुशीवर व्हायला सांगितलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. काही उडालं नाही. केवळराम तसाच पडून राहिला, पुन्हा पुन्हा खात्री करत. कुंताने आपला हात सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले. दादाजीने घसा साफ केला. वाटेत तो हा प्रश्न मनात घोळवत आला होता, आणि तिथल्या पांढऱ्या कपड्यांसमोर तो विचारायची त्याला लाज वाटत होती. तरी त्याने विचारला.

"साहेब, याले तलावात उतरवलं तं आमची मासोळी मरन का? अन् माणसं?"

कोपऱ्यातल्या एका मदतनीसाला हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत.

"हसायचं काय आहे त्यात?" ते त्याला म्हणाले. मग दादाजीकडे वळले. "हे मीच दीड महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं. माझ्या मागे रांग होती, तुमच्या मुलाने विचारलं नाही, आणि मी धरून चाललो की कळलं. या यंत्रातली वीज इतकी थोडी असते, की ती यांच्या हृदयापाशीच संपते. पाण्यात जात नाही, मासोळीत जात नाही, यांना कोणी धरलं तर त्याच्यात जात नाही. जखम भरली आहे. खुशाल उतरू द्या."

मग त्यांची नजर दुपट्ट्यावर गेली. त्यांनी गाठ सोडली आणि डावा हात हलकेच उचलायला लावला. तो खांद्यापर्यंतही जाईना. केवळराम कळवळला.

"वर नेऊ नका म्हटलं होतं. बांधून ठेवा नव्हतं म्हटलं. खांदा आखडलाय. रोज भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर वर चालायचं, जमेल तेवढंच. दोन-तीन महिने लागतील. तोवर जाळं फेकायचं नाही." डॉक्टरांनी कागदावर पुढची तारीख लिहिली आणि लिहिता लिहिता म्हणाले, "आणि बाहेरच्या करंटला भ्यायलाच हवं, यांनी आणि तुम्हीसुद्धा. तुमच्याकडे रानडुकरांसाठी वावराला उघडी तार लावतात ना? ती खरी मारते. दर हंगामात इथे माणसं येतात."

दादाजीने कागद घ्यायला हात पुढे केला होता. तो हात तसाच राहिला.

परतीच्या गाडीत दादाजी केवळरामच्या शेजारी बसला. खांद्याला खांदा लागत होता. नागभीड गाव मागे पडलं. कुंताला डुलकी लागली होती.

"ते तार खांबावरून तुटलं नव्हतं," दादाजी समोर पाहत म्हणाला.

केवळरामला आधी कळलं नाही.

"मीच लावलं होतं, डुकरासाठी. रोज सांजेले लावो, सकाळी काढो. त्या दिवशी बापू चिमूरवरून आला, सोयऱ्याकडून. त्याले सांगायचं राहून गेलं. वावरातून जवळच्या वाटेनं आला तो." दादाजीने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "पोलीस यायच्या आधी मी तार गुंडाळून तणसीच्या ढिगात लपवलं. तुले सुपात चहा देत होतो ना, तवा तू नाई दिसे मले. बापू दिसे."

"बुधरीले माहीत आहे?" केवळरामने विचारलं. बुधरी म्हणजे बापूरावची विधवा.

"नाई."

"यंदा बी चार-पाच बांध्यांले तार होतं."

"पाह्यलं मी. कोणत्या तोंडानं सांगू, काढा म्हणून?"

"याच तोंडानं," केवळराम म्हणाला. "आज डॉक्टरले विचारलं ना? मी खोटं बोललो तवा तू बोलला ना? मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाजी बुधरीच्या घरी गेला आणि दुपारी धानोऱ्याच्या पोलीस ठाण्यात. ठाण्यातून परत आल्यावर त्याने सोसायटीची बैठक बोलावली आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, डॉक्टरांचं उत्तर आणि आपली तार. पुढे त्याच्यावर जी कारवाई व्हायची ती झाली. बुधरी त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही, आणि तिने बोलावं असं कोणी तिला म्हटलंही नाही.

वैशाखातला तो दिवस उजाडला. सारा टोला जाळी घेऊन पाळीवर जमला. केवळराम पुढे झाला, चप्पल काढली आणि पाण्यात उतरला. गुडघाभर, मांडीभर, मग कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला आणि मागे वळला.

कोणीही उतरलं नव्हतं.

सगळ्यांनी बैठकीत ऐकलं होतं, माना हलवल्या होत्या. पण ऐकणं वेगळं आणि पाय पाण्यात घालणं वेगळं. बायांनी पोरांचे हात धरून ठेवले होते. भूपेश निघाला तर त्याच्या बायकोने त्याची बाही पकडली. केवळरामला आपल्या छातीतले ठोके ऐकू येत होते, एकसारखे, शांत. आणि त्याला वाटत होतं, की आता आपण परत फिरावं. फिरलो तर पुन्हा कधी येणार नाही.

गर्दीतून बुधरी पुढे आली. तिने लुगडं खोचलं, हातजाळी डोक्यावर धरली आणि सरळ पाण्यात चालत गेली. केवळरामपासून हातभर अंतरावर थांबली. मग पाळीकडे तोंड करून बोलली. आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून सगळ्यांना ऐकू गेला.

"करंट कुठी असते, ते मले भासऱ्यानं सांगतलं. वावरात होतं. इथी नाई. उतरा आता, ऊन होऊन राह्यलं."

पाळीच्या टोकाला उभ्या असलेल्या तिच्या भासऱ्याने, थोरल्या दिराने, म्हणजे दादाजीने, मान खाली घातली. आधी कुंता उतरली, मग भूपेश, मग आठ-दहा जण एकदम, आणि मग पोरांना धरवेना. पाणी ढवळून निघालं. जाळं पसरलं गेलं. केवळरामला डावा हात उचलता येत नव्हता, पण हाकेला हात लागत नाही. त्याने हाक दिली. दादाजी सगळ्यांच्या शेवटी उतरला आणि त्याने आपलं टोक धरलं.

बंधू-भगिनींनो, भीती वाटणं हा दोष नाही. केवळराम भ्याला, दादाजी भ्याला, डॉक्टरांसमोर भलेभले भितात. पण भीती वाटली की जाणत्याला विचारावं. आपण विचारत नाही, आपल्याला लाज वाटते, आणि मग ती भीती एखाद्या आजारी माणसाच्या अंगावर टाकून त्याला बाजेवर एकटं बसवतो. छातीत यंत्र घेऊन आलेला माणूस आपल्यासारखाच माणूस आहे. त्याला हात लावा, त्याच्याबरोबर जेवा, आणि तपासणीची तारीख आली की, तो कितीही बरा दिसत असला तरी, त्याला घेऊन जा. तिथे जे होतं ते सगळं सांगा. लपवलेल्या दुखण्याला डॉक्टरकडे औषध नसतं.

आणि ज्याच्या वावराला उघडी तार आहे, त्याने ती आजच काढावी. सांजेला कोणाला तरी सांगायचं राहून जातं.